लिफ्टच हवी

सुनावणी तोंडावर आली, तेव्हा बिल्डर कमलेश स्वतः शेवंतीच्या वकिलाकडे आला. कळव्याच्या इमारतीत कबूल केलेली लिफ्ट त्याने लावलीच नव्हती, म्हणून एकट्या शेवंतीने ठाण्याच्या ग्राहक कोर्टात तक्रार केलेली.

"ताई, भरपाई घ्या नि मिटवून टाका. कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढताय?"

"पायऱ्यांचाच तर वांधा आहे. लिफ्ट लावा, मी केस मागे घेते."

"विचार करा, पैसे आजच मिळतील," वकील हळूच म्हणाले.

"नको. लिफ्टच हवी."

कमलेशने लिफ्ट लावून देण्याची लेखी हमी दिली.

दिवाळीआधी लिफ्ट आली. नारळ फोडून तो म्हणाला, "ताई, पहिल्या तुम्ही बसा. कितवा मजला?"

"चौथा."

वर जाऊन शेवंतीने शकूमावशींची बेल वाजवली. गुडघे गेलेल्या मावशींना राहायला आल्या त्या दिवशी खुर्चीत बसवून वर नेलेलं. त्यानंतर त्या कधी खाली उतरल्याच नव्हत्या.

"चला मावशी, आज चहा माझ्याकडे."

"अगं, जमेल का मला?"

"बटण तुम्हीच दाबा."

शेवंतीचं तळमजल्यावरचं घर मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.