नमुना पेशंट

उर्वशीच्या दंडावर बीपीचा पट्टा आवळलेला होता, तेवढ्यात तो आत आला. नंबर न लावता. टाय लावून.

"नमस्कार सर! मी मिथुन, नागपूरहून. फोनवर बोललो होतो."

डॉक्टरांनी उर्वशीला हातानंच खुणावलं, जरा सरक. ती पट्ट्यासकट स्टुलावर सरकली. बाहेर बाकावर सगळं सावली गाव पुठ्ठ्याचे नंबर घेऊन बसलं होतं.

मिथुननं लॅपटॉप उघडला. "सर, पेशंटचं शुगरचं मशीन नुसतं जोडा. महिन्याभराचे आकडे स्क्रीनवर. पेशंटमागे पन्नास घ्या, अर्धे तुमचे, अर्धे आमचे. आमच्या टीमनं तीन वर्षं घासलीत याच्यावर."

उर्वशीनं पाहिलं. वर हिरव्या पानाचा नवा लोगो. खाली तिचीच बटणं, तिच्याच क्रमानं. शेवटच्या बटणाचं एक अक्षर कापलं जायचं, तेही तसंच कापलेलं. हा प्रोग्राम ती कितीतरी वर्षं सांभाळत होती. फुकट. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. फक्त करणाऱ्यांची नावं ठेवावी. टीमनं तीन वर्षं घासून तेवढी नावं काढली होती.

तिचा फोन थरथरला. प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या तक्रारींनी, जगभरातून, रोज थरथरायचा.

[तक्रार. जर्मनीहून: माझं मीटर दिसत नाही. काही काम करता की झोपता?]

मिथुननं नमुन्याचा आलेख उघडला. रेघ चढली, उतरली आणि एका दुपारी तळाला जाऊन पडली.

"हा डेमो पेशंट. बघा सर, कसा बेशिस्त माणूस! उपास केला असेल. अशांना कितीही सांगा..."

"अशेच येतेत सगळे," डॉक्टर हसले. "गोळीवर जिलेबी खातेत अन् मले विचारतेत, शुगर काऊन वाढली."

ती दुपार उर्वशीची होती. मूल गावाला जाणाऱ्या बसमध्ये तिनं बोट टोचून आकडा पाहिला आणि सीटवरून घसरली. कंडक्टरनं कुणाच्या तरी डब्यातला गूळ तिच्या तोंडात कोंबला. बरी झाल्यावर तिनं तोच महिना नमुना म्हणून प्रोग्राममध्ये घातला. नुसत्या चांगल्या दिवसांच्या आकड्यांवर प्रोग्राम तपासून होत नाही.

"कोण आहे हा पेशंट?" तिनं विचारलं.

"कंपनीचा डेटा आहे मॅडम. गोपनीय."

"आणि आलेखाखालचा तो बारीक नंबर?"

मिथुन वाकला. "तो... व्हर्जन."

उर्वशीनं पर्समधून आपलं जुनं मीटर काढलं आणि पालथं करून टेबलावर ठेवलं. पाठीवर कारखान्याचा नंबर होता. डॉक्टरांनी चष्मा चढवून तो वाचला. स्क्रीनवरचा वाचला. पुन्हा मीटरवरचा वाचला.

"म्हणजे हे तू बनवलं?"

"मी आणि आणखी बरेच जण. नावं होती त्यात."

डॉक्टर मिथुनकडे वळले. उर्वशीला वाटलं, आता बोलतील.

"मंग तुमचा हिस्सा कमी करा," डॉक्टर म्हणाले. "बिघडलं तर पोरगी गावातलीच आहे."

[तक्रार. जर्मनीहून, पुन्हा: अजून नाही?]

डॉक्टरांनी घंटी दाबली. पुढच्या नंबरची रुखमाबाई आत आली. हातात कोरं करकरीत मीटर. लेकानं ऊर्जानगरहून आणून दिलेलं. मिथुननं वायर जोडली. स्क्रीनवर अक्षरं आली: मशीन ओळखता येत नाही. काढली, फुंकली, जोडली. मशीन ओळखता येत नाही. हे मीटर उर्वशीनं गेल्याच महिन्यात प्रोग्राममध्ये घातलं होतं. मिथुननं उचललेला माल त्याआधीचा होता.

"मॅडम," तो म्हणाला, "जरा बघता का?"

"तक्रार लिहा. तुमच्या आधी जर्मनीवाला आहे. नंबर लावा."

तिनं दंडावरचा पट्टा टरकन सोडला, टेबलावर टाकला आणि दोन्ही मीटरं उचलली. "चला रुखमाबाई, बाहेर बसू."

बाकावर तिनं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, वायर जोडली. रुखमाबाईचा महिना उभा राहिला.

"हे माह्यं रगत होय?"

"तुमचंच."

"पैसे?"

"नाई."

"मंग तो आतला कायचे मांगून राह्यला?"

बाकावरचे एकेक जण सरकत आले. कुणी पिशवीतून मीटर काढलं, कुणी पोराला ते आणायला घरी पिटाळलं. आत घंटी वाजली. पुन्हा वाजली.

[तक्रार. आतून: घंटी वाजते आहे. कुणी येत नाही.]

रुखमाबाईनं स्क्रीनवरचं बोट उचललं नाही.

"वाजू दे," ती म्हणाली. "येईन त्याचाबी नंबर."