जांभळा ब्लाऊजपीस

ओटीत आलेले ब्लाऊजपीस आमच्या बार्शीत कुणी शिवत नाही. ते पुढच्या बाईच्या ओटीत जातात. यंदा महिला मंडळाने ही फिरती कापडं अडवली, त्यांची भलीमोठी गोधडी शिवली आणि लिलावात काढली. पैसे बायकांच्या दवाखान्याला जाणार होते. मूल कधी, किती, की नकोच, हे तिथे बाईलाच विचारतात.

या दवाखान्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माझ्या सासूबाई लिलावाला पहिल्या रांगेत बसलेल्या पाहून मला धडकीच भरली. दोन मुलींवर मी थांबले, तेही याच दवाखान्यात जाऊन.

गोधडी उलगडली. मधोमध हळदीचा डाग पडलेला जांभळा ब्लाऊजपीस! "आता मुलगा होऊ दे," म्हणत सासूबाईंनीच तो माझ्या ओटीत घातला होता, आणि मी तो गुपचूप मंडळाला देऊन टाकला होता. त्यांनी तो लगेच ओळखला. मी मान खाली घातली.

तेवढ्यात सासूबाईंनी अशी खणखणीत बोली लावली, की पुढे कुणी बोली वाढवलीच नाही.

"आई, तुम्ही?"

"गप गं. मला सात लेकरं झाली. तुला पायजे का, म्हणून एकदा तरी कुणी इचारलं का?"

टाळ्यांचा नुसता गजर झाला. गोधडी हातात येताच त्यांनी ती डॉक्टरबाईंच्या खांद्यावर टाकली.

"दवाखान्यातल्या बाकावर टाका, पोरी निवांत बसू देत. आणि जांभळा तुकडा दिसंल असा ठेवा. आमच्या घरचा हाय!"