नाव घेणं

"आत्ये, आजोबाच्या बापाचा नाव काय व्हता?" जनार्दनने पुन्हा विचारलं, या वेळी ओरडूनच. मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजमागे सावलीच्या पट्ट्यात तो मोबाइल स्पीकरवर टाकून बसला होता. पलीकडे कोकणात बापाची थोरली बहीण, कानाने अधू.

बाप गेला तेव्हा अर्बाबने, म्हणजे गॅरेजच्या अरब मालकाने, रजा दिली नाही. म्हणून उद्याचं बारावं मस्कतमध्येच करायचं ठरलं होतं. बापाचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळायचा, म्हणजे तो त्यांच्या पंगतीला बसला. भटजींनी मागच्या पिढ्यांची नावं मागितली. आजोबा भागोजी. त्यामागे नुसता अंधार. "नसेल नाव तर दुसरं घालू, शास्त्रात सोय आहे," असं भटजी म्हणाले. सोय कसली डोंबलाची! जन्मभर परक्याच्या शेतात राबलेल्या बापाला मेल्यावरही परक्याच्याच शेजारी बसवायचं?

आशा लावली होती ती एका इंग्रज गिऱ्हाइकाने. जीप दुरुस्त होईतो त्याने आपली वंशावळ दाखवली होती. सात पिढ्या शेतमजूर, मालकीचं ढेकूळ नाही, पण प्रत्येकाचं बारसं आणि मरण गावच्या चर्चने लिहून ठेवलेलं. "तूही शोध, सापडेल," तो म्हणाला होता. जनार्दनच्या गावात सातबारा खोताचा होता आणि आजोबापर्यंत शाळेची पायरी कोणी चढलं नव्हतं. त्याच्याकडे शोधायला होती ती फक्त आत्या.

"नाव कोन घेनार त्येचा?" आत्या म्हणाली. "खोत 'ए गड्या' मनून हाक मारी. पोरा 'बा' मनत. आन माजी आजी नवऱ्याचा नाव कशी घेल?"

"लग्नात तरी उखाणा घेतला आसंल!"

आत्या एकदम हसली. "घेतलान तर! आमा पोरींना बोलून दाखवायची. पेजेच्या थाळ्याला आंब्याची फोड..."

जनार्दनने मोबाइल उचलून कानाला लावला. "पुढं?"

"पुढं नाव व्हता. तितं आली का आजी पदर तोंडाला लावून हसायची. मंग 'शेजारी मीठभाकर गोड.' नाव आमी आयकलाच न्हाय रं."

"कोनीच न्हाय?"

"लग्नात आयकला त्येनी. ते गेले सगले."

फोन बंद झाला. बाप गेल्याचं कळलं त्या दिवशी आलं नव्हतं, इतकं रडू जनार्दनला आता आलं. भटजी उद्या कोणाचं तरी नाव घालणार, मंत्र म्हणणार, आणि बाप मुकाट्याने तिथे बसणार. त्याला सवयच होती.

पुढच्या फाटकात अर्बाबची गाडी शिरली. इतकी वर्षं त्याला पगार देणाऱ्या त्या माणसाने काच खाली केली.

"रफीक! यल्ला, चलो!"

गॅरेजातल्या प्रत्येक परदेशी माणसाला तो रफीक, म्हणजे गडी, असंच म्हणायचा. जनार्दनने डोळे पुसले आणि ओ दिली.