कमरेचा नवस

“बोललेला नवस अंगावर ठेवू नगंस,” असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. शालन अंबाबाईला बोलली होती, कंबर बरी झाली की दंडवत घालत प्रदक्षिणा करीन.

मणके दाबून बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरनं तिच्या पाठीवर शेवटचा दाब दिला. “दुखणं थांबलंय. आता दर महिन्याला यायचं की नाही, तुम्हीच ठरवा काकू.”

“एक विचारू? ही कंबर तुमच्या हातानं बरी झाली, की अंबाबाईच्या?”

“महिनाभर येऊ नका, कळेल.”

“पण मंगळवारी दंडवत हाय की माझा!”

“अहो, एवढं वाकलात तर परत धरेल.” ते हसले. “की देवी सांभाळेल?”

“तिच्यावर इस्वास हाय. कमरेवर न्हाय. बुधवारची वेळ ठेवा.”

मंगळवारी पहाटे पदर खोचून ती अनवाणीच, कुणाला न उठवता, देवळाकडं निघाली.