काठावरचं उत्तर

लखनने आठ दिवसांपूर्वी अकोल्यात गुपचूप बाप्तिस्मा घेतला होता. त्याची बायको पंचफुला मात्र म्हणाली, "मी गावच्याच तलावात घेईन." रविवारी ती पास्टरांसोबत पाण्यात उतरली, तेव्हा काठावर माणसं जमली. शेजारच्या जगदेवभाऊंनी विचारलं, "लखन, तूबी या ख्रिस्ती लोकायच्यात गेला काय?" "नाई भाऊ. तिचंच डोस्कं फिरलं." पंचफुला ओल्या साडीनं वर आली होती. तिनं ते ऐकलं. त्याच्या हातातला टॉवेल घेत ती त्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, "जनमभर येशूच्या मागं चालीन, असं अकोल्यात तुमीच म्हणलं होतं ना?"  दिवसभर लखनला जेवण गेलं नाही. संध्याकाळी तो जगदेवभाऊंच्या घरी गेला. "भाऊ, मी खोटं बोललो. मीबी बाप्तिस्मा घेतला हाये."  जगदेवभाऊ म्हणाले, "थे ठीक हाये. पण बायकोले काहून येडी ठरवलं?"