चुंबनाची सोडत

युद्धनौका अमेरिकेतल्या नॉरफोकच्या धक्क्याला परत येते तेव्हा सगळ्यांत आधी उतरून बायकोचं चुंबन घ्यायचा मान कुणाला, याची जहाजावर सोडत निघते. यंदा ती ट्रेंट नावाच्या खलाशाला लागली. बायको, मारिसोल, पोटुशी असताना याच ट्रेंटने समुद्रावरून तिला घटस्फोटाची नोटीस धाडली होती.

"मला नाही जमणार, बाई," मारिसोल कॅप्टनच्या बायकोला म्हणाली. "त्याला मी नकोय."

"अगं, निकाल लागेपर्यंत बायकोच ना तू? टीव्हीवाले येणारेत. जहाजाची शोभा करू नकोस. आणि लेकीला बाप तरी दिसेल."

त्या शेवटच्या वाक्यावर ती तयार झाली. झालरीचा फ्रॉक घातलेल्या तान्ह्या लेकीला उराशी धरून धक्क्यावर उभी राहिली. ट्रेंट ऐटीत उतरला, तिला जवळ ओढून त्याने लांबलचक चुंबन घेतलं. बँड वाजला, टाळ्या पडल्या. तिने खांद्याला ओठ पुसले. पण त्याने लेकीला उचलून घेतलं तेव्हा तिला वाटलं, सगळं गिळलं ते बरंच झालं.

 

कॅमेऱ्याकडे बघून हसत, ओठ न हलवता त्याने विचारलं, "हिचं नाव काय ठेवलंयस?"