एकही केस नाही

इंद्रजीत डॉक्टरांचा हात शेराच्या पुढच्या पायामागे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी दाट सोनेरी केस दोन्ही बाजूंना सारले. काखेत लिंबाएवढी गाठ होती.

"किती दिवस झाले?"

"परवापर्यंत काहीच नव्हतं," रुचिरा म्हणाली. "परवापासून लंगडायला लागला, म्हणून तर आणलं."

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोनदा नीट पाहिला आणि मग सावकाश सांगितलं. गाठीतला आजार फुप्फुसात उतरला होता. आता कापून उपयोग नव्हता. दोन महिने, फार तर तीन. "वाटाण्याएवढी असताना आणला असतात तर..." एवढं म्हणून ते हात धुवायला गेले.

रुचिराला रडू आलं आणि रागही आला. शेराची एकही लस कधी चुकली नव्हती. त्याचं खाणं वजन करून दिलं जायचं. त्याच्याकडे दुर्लक्ष झालं असं कोणी म्हटलं असतं, तर तिने तिथल्या तिथे सुनावलं असतं.

नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये दोन गोल्डन रिट्रीव्हर आणि स्वच्छ घर एकत्र नांदायचं नाही, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. रुचिराने ते फारच मनावर घेतलं. शेरा आणि बुंदी तिला हवे होते, केस तेवढे नको होते. आधी दोघांना सोफा बंद झाला, मग बेडरूम, मग हॉल. गॅलरीला जाळीचं दार बसलं. फरशी झाडणारं गोल यंत्र सकाळ-संध्याकाळ घरभर फिरू लागलं. तिचा नवरा स्वानंद ऑफिसला निघताना जाळीबाहेरूनच "शेरा, बाय" म्हणायचा, कारण पँट काळी असायची. आंघोळसुद्धा पाइप लावून, लांब दांड्याच्या ब्रशने. कळंबोलीच्या ट्रकांची धूळ बंद खिडक्यांतूनही लोकांच्या घरात शिरते, पण रुचिराच्या फरशीवर कोणी बोट फिरवून बघावं. पाहुणे म्हणायचे, "घरात कुत्रे आहेत असं वाटतच नाही." हे ऐकलं की ती दोन दिवस खूश असायची.

यंत्राच्या आधी घरकामाला हौसा होती. ती नेरे गावाहून रोज सव्वाआठला यायची. पण यायची आणि झाडू घ्यायचा सोडून गॅलरीत जुनी चादर अंथरून बसायची. वाटीतल्या पाण्यात हात बुडवायची आणि दोन्ही कुत्र्यांच्या अंगावरून, पोटाखालून, पायांच्या मधून बोटं फिरवत राहायची. सुटलेले केस ओल्या बोटांना गोळा होऊन यायचे. "अंगावरचे अंगावरच धरले, तर खाली पडतील कशाला?" असं तिचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं, पण त्यात पाऊण तास जायचा. नऊला रुचिराची मीटिंग सुरू व्हायची, तेव्हा हॉल अजून झाडायचाच असायचा.

दिवाळीच्या आधी एका सकाळी हौसाने गॅलरीतून हाक मारली.

"ताई, जरा इकडं या. याच्या काखेत कायतरी हाय."

नऊला दहा मिनिटं कमी होती. रुचिराने लॅपटॉपवरून मान वळवली नाही.

"मावशी, आधी फरशी. त्यांचे लाड नंतर."

हौसा उठली आणि झाडू घेतला. दिवाळी झाल्यावर यंत्र आलं आणि रुचिराने तिला साडी देऊन, गोडीत, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

हे सगळं रुचिराला दवाखान्यातून परतताना गाडीत आठवलं. मागच्या सीटवर शेरा धापा टाकत होता. तिने गाडी बाजूला घेतली आणि हौसाला फोन लावला. तिने शेराच्या गाठीचं कसंबसं सांगितलं. हौसाने मात्र एवढंच विचारलं, "सकाळी येऊ?"

दुसऱ्या दिवशी हौसा आली. गॅलरीत भिंतीला टेकून बसली. शेरा लंगडत तिच्याजवळ गेला आणि त्याने तिच्या मांडीवर डोकं टाकलं. बुंदी दुसऱ्या बाजूने तिला चिकटली. रुचिरा जाळीचं दार उघडून आत आली आणि समोर खालीच बसली. किती महिन्यांनी ती इथे बसत होती, तिलाही सांगता आलं नसतं.

"माझं चुकलं, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत."

"मना वाटलं, तुमी डॉक्टरला दाखवलं असल," हौसा म्हणाली. "म्हणून परत बोलले नाय. तवा बारीक होती, वाटाण्यायेवढी."

रुचिराने डोळे पुसले. तरी एक गोष्ट तिला पटत नव्हती. तिला कोणाकडून तरी ऐकायचं होतं की ती गाठ कोणालाच कळली नसती.

"मी रोज बघत होते हो त्याला. सकाळी, संध्याकाळी, रोज. एवढ्या दाट केसांत तुम्हाला ती दिसली कशी?"

हौसाने तिच्याकडे पाहिलं. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

"दिसली नाय, ताई. हाताला लागली," ती म्हणाली. "तुमच्या हाताला नाय लागली?"